पेटीतला परदेशी भुंगा नको, बांधावरचे वठलेले लाकूड राखा

बंबलबी ही जाडजूड, केसाळ माशी सोलापूर जिल्ह्यात नाही, आणि कधी नव्हतीही. भारतात तिच्या पन्नासच्या आसपास जाती आहेत, पण त्या हिमालयाच्या थंडीत राहतात. दख्खनच्या पठारावर एकही नाही. शब्दकोशात मात्र तिच्यासमोर 'भुंगा' असा अर्थ दिलेला असतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपला भुंगा वेगळा. काळाभोर, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला, वाळक्या वाशाला गोल भोक पाडून आत राहणारा. अभ्यासक त्याला सुतारमाशी म्हणतात. कोरडे लाकूड सहज भेदणारा, पण कमळाच्या कोवळ्या पाकळीत अडकून पडणारा भ्रमर पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला कीर्तनातून ठाऊक असतो, तो हाच. बंबलबीला लाकूड पोखरता येत नाही. ती उंदराच्या जुन्या बिळात नाही तर गवताच्या ढिगाखाली घर करते.

हा भेद नुसता नावाचा असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण संरक्षित शेती, म्हणजे पॉलिहाऊस-शेडनेटमधली शेती, वाढते आहे तसा एक प्रश्न वारंवार विचारला जातो: युरोपात टोमॅटोच्या काचघरात बंबलबीच्या पेट्या ठेवतात, तर आपल्याकडे का नकोत? आमचे उत्तर असे की, बंबलबीचे मोल खरे आहे, पण ती जे काम करते ते इथे भुंगा आणि त्याचे भाऊबंद एक रुपया न घेता करतात, आणि त्यांची घरे आपण दर उन्हाळ्यात पेटवून देतो. सरकारचा पैसा आणि गावाचे लक्ष पेटीकडे न जाता बांधाकडे जायला हवे.

आधी बंबलबीला तिचे श्रेय देऊ. टोमॅटो आणि वांगे यांचे परागकण इतर फुलांसारखे उघड्यावर पडलेले नसतात. वांग्याच्या परागकोषाला टोकाशी बारीक छिद्रे असतात. टोमॅटोत परागकोष जुळून एक सुळका होतो आणि पराग त्याच्या टोकातून बाहेर पडतो. भोकाभोकांचे झाकण असलेला पावडरचा डबा नुसता उलटा धरला तर थोडीच पावडर पडते, हलवला की भुरभुरते. फुलाचे तसेच आहे. बंबलबी परागकोष जबड्यात धरते, अंग त्याभोवती वळवते, पंख मिटलेलेच ठेवून उडण्याचे स्नायू थरथरवते. सेकंदाला दोनशे ते चारशे वेळा होणाऱ्या त्या थरथरीने परागाचा फवारा तिच्या पोटावर येतो, आणि त्यातलेच काही कण स्त्रीकेसराच्या टोकाला लागतात. मधमाशीला, मग ती आग्या असो, सातेरी असो, फुलोरी असो की पेटीतली मेलीफेरा, हे जमत नाही. वांग्याच्या शेतात मेलीफेराच्या दहा पेट्या ठेवल्या तरी ती थरथर मिळणार नाही. मधमाशीपालनाच्या प्रचारात हा मुद्दा सहसा येत नाही, तो यायला हवा.

न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला बी धरत नव्हते, कारण त्याच्या खोल नळीच्या फुलात शिरणारी लांब जिभेची माशी तिथे नव्हती. १८८५ साली इंग्लंडहून बंबलबी नेली आणि बी धरू लागले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ती पेटीत वाढवण्याचा धंदा उभा राहिला. त्याआधी काचघरात मजूर विजेवरचे कंपनयंत्र घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक घोसाला लावत फिरत. पेटी आली आणि ती मजुरी वाचली. फळ भरीव आणि एकसारखे येऊ लागले. हे सगळे खरे आहे.

आता तीच पेटी सोलापुरात आणून ठेवू. बंबलबीचे पिल्लांचे घर ३० ते ३२ अंशांवर राखलेले असते. बाहेरची हवाच तितकी तापली की कामकरी माश्या फुलांवर जायचे सोडून घरात पंखांनी वारा घालत बसतात. मार्च ते मे इथल्या पॉलिहाऊसमध्ये दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे ज्या महिन्यांत टोमॅटोला भाव मिळण्याची आशा असते, त्याच महिन्यांत पेटी निकामी. उरले नोव्हेंबर ते जानेवारी. पेटीतली वसाहत साधारण आठ ते दहा आठवडे काम देते आणि संपते. मधमाशीच्या पेटीसारखी ती वर्षानुवर्षे चालत नाही. दर हंगामाला नवी विकत घ्यावी लागते.

शिवाय उष्णतेत टोमॅटोचा परागच मरतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर टिकून राहिले आणि रात्रही उकाड्याची असली, तर फूल गळण्याचे कारण माशी नसणे हे नसतेच. तिथे शेडनेट, धुक्यासारखे पाणी फवारणारे फॉगर आणि लागवडीची तारीख बदलणे हेच उपाय. हवा फार दमट असेल तर परागाच्या गुठळ्या होतात आणि थरथरीनेही तो सुटत नाही. फळ धरत नाही म्हणून माशी आणायला निघण्याआधी हे तपासले पाहिजे.

आणि पॉलिहाऊसमध्ये पिकते काय? जरबेरा, कार्नेशन यांना परागीभवन नकोच असते. तिथल्या काकडीच्या जाती बिनबियांच्या, परागाशिवाय फळ धरणाऱ्या. त्यांच्यावर माशी बसली तर फळ वाकडे आणि बियांचे होते. ढोबळी मिरची बहुतांशी स्वतःच्या परागावर भागवते. उरतो टोमॅटो, आणि जिल्ह्यातला बहुतेक टोमॅटो उघड्या रानात असतो, तिथे वारा फुले हलवतो. म्हणजे ज्या गरजेसाठी परदेशी माशीचा विचार होतो, ती गरज मुळात एवढीशी आहे. तेवढ्यासाठी कंपनयंत्र पुरते. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठाला सेकंदभर लावायचे, एक दिवसाआड.

धोका मात्र एवढासा नाही. चिलीने १९९७-९८ पासून युरोपातली बंबलबी शेतीसाठी आणायला सुरुवात केली. ती काचघरांत राहिली नाही. २००६ पर्यंत अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पोहोचली, आणि तिथली मूळची पिवळसर तांबूस बंबलबी, जगातली सर्वांत मोठी, एकेका खोऱ्यातून दिसेनाशी होत गेली. परदेशी माशीबरोबर तिचे आतड्यातले परजीवीही आले. जपानने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच माशी आणली, ती होक्काइदोत रानात पसरली, आणि २००६ साली तिला उपद्रवी परकी जात ठरवून काचघरांना जाळी सक्तीची करावी लागली. आपल्याकडे जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्यासाठीच आहे. तो सैल करा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, सोलापूरच्या उन्हात ही माशी तगणारच नाही, मग पसरेल कशी? सोलापुरात नाही तगणार. पण पेटीचा धंदा एका जिल्ह्यापुरता थांबत नाही. तीच पेटी हिमाचलच्या टोमॅटोलाही विकली जाईल, आणि तिथे पन्नासभर देशी जातींच्या शेजारी ती उघडेल. तिथल्या काचघरांना बंबलबी हवीच असेल तर तिथलीच जात वाढवावी. सोलनच्या नौणी विद्यापीठात त्या दिशेने काम झालेले आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या उत्पादकांनीही बंबलबी मागितली होती. सरकारने ती दिली नाही, आणि तिथल्या संशोधकांनी निळ्या पट्ट्यांच्या माशीवर काचघरातल्या टोमॅटोसाठी प्रयोग केले. याच कुळातल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्या आपल्याकडेही आहेत. सोलापूरच्या कुठल्याही वांग्याच्या प्लॉटमध्ये सकाळी सात-आठला उभे राहावे. मधमाशीएवढी, पोटावर चमकदार निळसर पट्टे, एका जागी न टिकणारी, फुलावर क्षणभर बसून 'झिंऽऽ' असा बारीक चढा आवाज करणारी माशी दिसते. तो आवाज उडण्याचा नाही, थरथरवण्याचा. भुंगाही वांग्यावर हेच करतो, फक्त त्याचा आवाज जाड.

भुंग्याचे खरे राज्य मात्र रानफुलांवर आणि मोठ्या फुलांच्या पिकांवर आहे. माळावरचा पिवळा तरवड आणि बहावा, दोघांचे परागकोष छिद्राचे; त्यांना थरथरवणारी मोठी माशीच लागते. रुईच्या फुलातली परागाची जोडपिशवी उचलून दुसऱ्या फुलात नेणारा मुख्य कीटक भुंगाच. तागाचे फूल जड माशी बसल्याशिवाय उघडतच नाही: वजनाने खालची पाकळी दबते आणि आतले केसर वर येते. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतो त्याला बियाण्याची फिकीर नसते, पण बियाण्यासाठी ताग घेणाऱ्याचे उत्पन्न या माशीच्या वजनावर ठरते. तुरीच्या फुलाचीही ठेवण तशीच. तूर बऱ्याच अंशी स्वतःचा पराग घेते, पण दोन वाण शेजारी लावले की बियाण्यात भेसळ होते, ती भुंगे आणि पानकापी माश्यांमुळे. आणि शेवगा. विशाखापट्टणमच्या अभ्यासकांनी शेवग्याच्या फुलांवर येणारे कीटक तपासले तेव्हा सुतारमाश्याच कामाच्या ठरल्या. बार्शी-माढ्याकडे शेवगा लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डाळिंबाबद्दल वाढवून सांगायला नको. सांगोला, मंगळवेढ्याच्या बागांना थरथरीची गरज नाही. तिथे उघडे पुंकेसर भरपूर असतात आणि मधमाशी उत्तम काम करते. बागेत मधमाशीच्या पेट्या जरूर ठेवाव्यात. सूर्यफूल, करडई, कांद्याचे बियाणे यांनाही मधमाशीच हवी. भुंग्याचे दोषही आहेत. लांब नळीच्या फुलाला तो बुडाशी चीर पाडून मध चोरतो, मग पराग कुठेच जात नाही. आणि त्याला पेटीत घालून टेम्पोने इकडून तिकडे नेता येत नाही. तो जिथे राहतो तिथेच काम करतो.

म्हणून तो कुठे राहतो हे महत्त्वाचे. भुंग्याची मादी वाळलेल्या, किंचित भुसभुशीत लाकडात बोटभर रुंद, १२ ते १५ मिलिमीटरचे गोल भोक पाडते, आत काटकोनात वळते आणि वीतभर बोगदा कोरते. एकेका कप्प्यात पराग-मधाचा गोळा, त्यावर एक अंडे, मग लाकडाच्या भुशाची भिंत, मग पुढचा कप्पा. एका बोगद्यात अशी पाच-सात अंडी. अंडे मात्र कीटकांच्या जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, सेंटिमीटरच्याही पुढे. बंबलबीची राणी एका हंगामात शेकडो कामकरी माश्या जन्माला घालते. भुंग्याची मादी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी पिल्ले. एक ओंडका जाळला की त्या शिवारातली अख्खी पिढी गेली, आणि ती भरून यायला वर्षे लागतात.

इथे सोलापूरचे दुखणे आहे. उजनीचे पाणी आले, ऊस वाढला. उसाच्या फडात माशीला खायला काही नाही. बांध नांगराच्या प्रत्येक फेरीला अरुंद होत गेले. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, ती आग बांधावरच्या वठलेल्या बाभळीला, शेवरीला, घायपाताच्या वाळक्या दांड्याला लागते. घायपाताचा दांडा आतून मऊ आणि बाहेरून टणक असल्याने भुंग्याला फार मानवतो. एप्रिल-मे हा बांध स्वच्छ करण्याचा काळ, आणि तेव्हा त्या दांड्यांच्या आत पिल्ले असतात. निळ्या पट्ट्यांच्या माशीची घरे मातीत असतात: ओढ्याच्या उभ्या दरडीत, पांढऱ्या मातीच्या जुन्या गढीत, माळवदाच्या घरांच्या भिंतीत. गढ्या ढासळल्या, माळवदाच्या जागी स्लॅब आले, ओढे जेसीबीने सरळ आणि तिरपे झाले. घरासाठी स्लॅब हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावाबाहेरची पडकी भिंत आणि ओढ्याची एखादी उभी दरड तरी पाडू नये.

लोक भुंगा मारतात, त्याला भाषेचेही कारण आहे. हुमणीचा भुंगेरा, नारळावरचा गेंडा भुंगा, डाळिंबाच्या खोडाला छिद्रे पाडणारा बारीक भुंगेरा, हे सगळे पिकाचे शत्रू, आणि नाव जवळजवळ तेच. ओळख सोपी आहे. भुंगेऱ्याच्या पाठीवर टणक कवच असते. भुंग्याला चार पातळ पंख असतात आणि तो फुलावरच दिसतो. डाळिंबाच्या खोडातले छिद्र टाचणीच्या टोकाएवढे आणि जिवंत झाडात. भुंग्याचे बोटाएवढे आणि मेलेल्या लाकडात. म्हणून एक पथ्य: डाळिंबाची रोगट, पोखरलेली लाकडे बागेत ठेवू नयेत, ती बाहेर काढून नष्टच करावीत. राखायचे ते बांधावरच्या इतर झाडांचे लाकूड. घराच्या दारा-वाशांना भुंगा लागला तर रंग किंवा वॉर्निश लावावे. रंगवलेले लाकूड तो सहसा टाळतो. समोर येऊन घिरट्या घालणारा असतो तो नर, त्याला नांगी नसते. मादीला असते, पण हातात धरल्याशिवाय ती डसत नाही.

घर करून देणेही अवघड नाही. पूर्ण वाळलेला बांबू, आतून १२ ते १८ मिलिमीटर रुंद, पेराच्या गाठीच्या अलीकडे कापून २० ते ३० सेंटिमीटरच्या नळ्या करायच्या, म्हणजे एक तोंड गाठीने बंद राहते. पंधरा-वीस नळ्यांची मोळी तारेने आवळून, आडवी, छातीएवढ्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून, दुपारची सावली पडेल अशा जागी घट्ट बांधायची. फसते ते असे: ओला बांबू घेतला तर आत बुरशी येते. दुपारचे ऊन लागले तर बांबू चिरतो आणि चिरेतून मुंग्या शिरतात. मोळी वाऱ्याने हलली तर मादी ती सोडून जाते. जमिनीला टेकली तर वाळवी. मुंग्यांसाठी बांधणीच्या तारेला ग्रीस लावावे. नळीच्या तोंडाशी पिवळसर भुसा दिसला की तिला हात लावू नये. शेवगा किंवा पांगाऱ्याचा मनगटापेक्षा जाड वाळका ओंडका असाच टांगला तरी चालतो. एकरी अशा दोन-तीन जागा पुरे. बाकीचे जळण लोकांना नेऊ द्यावे. ज्या घरात चूल अजून सरपणावर पेटते, त्या घरातल्या बाईच्या डोक्यावरची मोळी काढून घेऊन भुंगा वाचवायचा नाही.

घर राखले आणि फवारणी तशीच ठेवली तर उपयोग नाही. वांग्यावर शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी आठवड्याला फवारणी होते, तीही बहुधा सकाळी, माश्या कामावर असताना. ती सूर्य मावळताना करावी. डब्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून औषध माशीला निर्धोक आहे असे समजू नये. तो रंग माणसाला आणि जनावराला असलेल्या विषबाधेच्या धोक्याचा आहे, माशीचा नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही झाडात भिनणारी औषधे परागात आणि मधात उतरतात, त्यामुळे संध्याकाळी फवारूनही सुटका नसते. युरोपीय संघाने २०१८ साली त्यांचा उघड्या रानातला वापर बंद केला. फुलोऱ्यात ती टाळावीत. कीड कमी असताना ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळी १०० लिटर पाण्याला, आणि किडके शेंडे खुडून नष्ट करणे, यावर भागवता येते. कीड हाताबाहेर गेली तर भागत नाही, हेही खरे.

आता सरकारकडे. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला केंद्राने ५०० कोटी रुपये ठेवले. मध, पेट्या, प्रक्रिया, सगळे योग्यच. पण ज्या माशीला मध विकता येत नाही तिच्या घरासाठी त्या हिशेबात जागा शोधावी लागते. ग्रामपंचायतीपाशी मात्र एक हत्यार पडून आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आली. बहुतेक नोंदवह्यांत झाडे आणि पक्षी यांच्या याद्या असतात. त्यात भुंग्यांचे ओंडके, मातीमाश्यांच्या दरडी आणि पडक्या भिंती गट नंबरसह नोंदवाव्यात, आणि त्या जागा पेटवायच्या नाहीत, खणायच्या नाहीत असा ठराव करावा. रोजगार हमीच्या वृक्षलागवडीत एकाच जातीची रांग न लावता शेवगा, पांगारा, बहावा, करंज आणि मध्ये तरवड असे मिश्रण धरावे. बांधावरच करायचे म्हटले तर भाऊबंदकीचे वाद उभे राहतात, हे प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. म्हणून सुरुवात ओढ्याकाठ, गायरान, शाळेचे आवार, विहिरीभोवतीची पड अशा वाद नसलेल्या जागांवरून करावी.

कृषी विभागाने विचारावे की याचा फायदा किती, पुरावा काय. विचारायलाच हवे, आणि उत्तर शोधणे एका हंगामाचे काम आहे. वांग्याच्या एकाच वाणाची, एकाच वयाची २५ झाडे निवडा. प्रत्येक झाडावर दुसऱ्या दिवशी उमलतील अशा दोन कळ्या घ्या, एकीवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी संध्याकाळी बांधा, दुसरी उघडी ठेवा, दोन्हींना वेगळ्या रंगाचा दोरा. पिशवीचे कापड फुलाला टेकता कामा नये, नाहीतर वाऱ्याने घासून पराग सुटतो आणि आकडा बिघडतो. फूल उमलल्यावर पाहा: स्त्रीकेसर परागकोषांच्या बाहेर डोकावत असेल तेच फूल मोजायचे, आखूड केसराच्या फुलाला सहसा फळ धरतच नाही, ते दोन्ही बाजूंनी वगळायचे. पाकळ्या गळाल्या की पिशवी काढा. पंधरा दिवसांनी किती फळे धरली ते मोजा, काढणीला वजन करा, फळ कापून बिया मोजा. हाच प्रयोग ओंडके राखलेल्या शिवारात आणि उसाने वेढलेल्या प्लॉटमध्ये एकाच आठवड्यात करा. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राने दहा गावांतून दहा शेतकरी आणि सोलापूर विद्यापीठाचे काही विद्यार्थी यासाठी घ्यावेत. कापड, दोरा, वजनकाटा आणि वही, एवढेच सामान लागते.